नागवेलीचा पट्टा

बोईसर
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय समिधा,

आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक, तूही पुण्यात ठीक असशील असं धरून लिहिते.

हाताने लिहिलेलं पाकीट पाहून दचकू नकोस, आईची तब्येत चांगली आहे. परवाच केळव्याला जाऊन आले. गुडघ्याची तक्रार आहे, पण तक्रारही ती कौतुकाने करते. वाडीतले नारळ उतरवून झाले. पानवेली यंदा जास्तीच्या पावसाने कुजल्या होत्या, तिने माणूस लावून नव्या लावून घेतल्या. आज कोजागिरी, बिल्डिंगच्या गच्चीवर दूध आटवायचा बेत आहे, आणि साखरेवरून दोन मजल्यांचं आत्ताच वाजलंय. तुझे भावोजी मजेत. इतका घामट उकाडा आहे, तरी यांना हल्ली पूर्ण बाह्यांच्या शर्टांची हौस आली आहे. मी म्हटलं, बढती मिळाली की काय? तर नुसते हसले.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर आपण एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही, हे कारण समज.

आता मुद्द्याचं लिहिते. जूनपासून यांच्या कारखान्यात तुमच्या कंपनीचे पट्टे वापरतात. पहिला पट्टा तू आईला दाखवायला केळव्याला आणला होतास, तो दिवस मला चांगला आठवतो. समुद्रातल्या शेवाळाच्या जेलमध्ये जिवंत जिवाणू कालवून, मशीनवर थरावर थर छापलेली पांढरी जाळी. जाळीची नक्षी आपल्याच वाडीतल्या नागवेलीच्या पानाच्या शिरांची. त्या शिरांतून ओल सगळीकडे पोचते, असं तू सांगत होतीस. मनगटाला बांधायचा, आणि हवेत अमोनियासारखा वायू वाढला की आतले जिवाणू रंग तयार करणार, पट्टा जांभळा होणार. आईने तो नाकाशी नेला आणि म्हणाली, "आंबोळीच्या पिठासारखा वास येतोय. याला खायला कोण घालतं?" तू म्हणालीस, जेलमध्येच महिनाभराची शिदोरी बांधून दिली आहे. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. तुला सांगितलं नाही, आता सांगते.

प्रेमला तुला आठवत असेल. कुंभवलीच्या पलीकडच्या पाड्यावरची, पूर्वी आपल्याकडे भांड्यांना यायची. गेल्या वर्षी मी तुझ्या भावोजींकडे शब्द टाकला आणि ती त्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, माल सुकवणाऱ्या ड्रायरच्या सेक्शनला. पावसाळ्यापासून तिला खोकला आहे. जिना चढून आली की दाराशी बसते, आधी श्वास गोळा करते आणि मग बोलते. बोलताना हसते, हसताना पुन्हा खोकते.

ती काल आली होती, शिराळी घेऊन. गंमत सांगायला आली होती. खंडेनवमीला सगळ्यांनी यंत्रांना हळदकुंकू लावलं. बायकांनी आपल्या पट्ट्यांनाही हळदीचं बोट लावलं. यंत्राची पूजा करायची तर हाही आपल्याला राखतोच की, असा त्यांचा हिशेब. दसऱ्याची सुट्टी संपून कामावर गेल्या, तर ड्रायरपाशी हळद लाल.

"आत गेलो का हलद लाल व्हते, भायेर रिक्षापाशी आलो का परत पिवली," ती म्हणाली. "देवी हाय का नाय, वैनी?"

मी हो म्हटलं. आणि तिचा पट्टा मागून घेतला. नवीन देतील ना, असं विचारलं, तर म्हणाली, हरवला सांगेन, वरडतील जरासं.

समिधा, मी दहावीच्या शिकवण्या घेते. हळद अल्कलीत लाल होते हे दरवर्षी मुलांना करून दाखवते. हळद लाल झाली म्हणजे त्या हवेत अमोनिया होता, आणि अंगावरच्या पट्ट्याने बघता बघता रंग दाखवावा इतका होता. प्रेमला म्हणते, तिचाच काय, कुणाचाच पट्टा जूनपासून कधी जांभळा झालेला नाही.

मी घरी प्रयोग केला. वाटीत नवसागर आणि ओला चुना, वर काचेचं झाकण, आत पट्टा. डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटला. पट्ट्यावरचं हळदीचं बोट लालभडक झालं आणि पट्टा पांढराच राहिला. कितीतरी वेळ ठेवला. नाकाशी नेला तर आंबूस वासाचा मागमूसही नाही. समिधा, तो मेलेला आहे.

आता सरळ विचारते. तुम्ही मेलेले पट्टे पाठवता का? तुझ्यावर माझा संशय नाही, निदान नसावा असं मी स्वतःला सांगते आहे. पण तुझा तो भागीदार हर्षित मला पहिल्यापासून पटलेला नाही. फार गोड बोलतो, आणि मी विचारलेल्या प्रश्नाला मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. ऑर्डर मोठी, जिवाणू वाढवायला वेळ लागतो, तेव्हा नुसतं जेल छापून पाठवलं तर कुणाला कळणार?

हे क्षुल्लक नाही. पट्टे पांढरे राहिले म्हणून ऑगस्टमध्ये कारखान्याने ड्रायरचा नवा एक्झॉस्ट रद्द केला. हवा शुद्ध असल्याचा पुरावाच आहे ना त्यांच्या हाती. तुझे भावोजीच सांगत होते.

उत्तर पत्रानेच दे, आणि केळव्याच्या पत्त्यावर. मी तिकडे जातेच.

तुझी,
आनंदीताई


केळवे
गुरुवार, १६ ऑक्टोबर

प्रिय समिधा,

तुझं पत्र आणि खोकं दोन्ही मिळालं. पत्र ओसरीवर बसून वाचलं. आई विचारत होती, काय लिहिते? मी म्हटलं, रागावली आहे. "मग बरी आहे," आई म्हणाली.

"ताई, तुला माझ्यावर संशय घ्यायला मनापासून आवडतं," हे तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आवडतं का मला? रात्री डायरी लिहायला बसले की मी दिवसाची उलटतपासणी घेते, ही माझी सवय तू लहानपणापासून पाहिली आहेस. पण अलीकडे ती तपासणी माझी राहिलेली नाही, इतरांची झाली आहे. दूधवाल्याने सुट्टे कमी दिले, शेजारीण मला पाहून गप्प झाली, असल्या प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी आहे असं वाटत राहतं. तुझ्यावरचा आळ त्यातलाच असेल तर मला माफ कर. पण मी विचारलं नसतं, तर तू हे खोकं पाठवलं नसतंस.

सीलबंद पाकिटातला पट्टा इथेच ओसरीवर उघडला. उघडताच तो वास आला, आंबोळीच्या पिठाचा. मग तसाच नवसागर, तसाच चुना, तेच झाकण. आई शेजारी पाट घेऊन बसली होती. आधी कडेच्या शिरा रंगल्या, मग मधली शीर, आणि चहा होईपर्यंत अख्खं पान जांभळं झालं. इतकं सुंदर होतं ते, समिधा, की क्षणभर मी कशासाठी बसले आहे तेच विसरले. आई म्हणाली, "हा कसा बोलला बघ."

तेव्हा हर्षितची क्षमा मागते. त्याला हे वाचून दाखव. गोड बोलण्याबद्दलचं वाक्य गाळलंस तरी चालेल.

तू पत्रात दोनदा एकच प्रश्न विचारला आहेस: तुमच्याकडून खोकं गेल्यानंतर बायकांच्या हातात पडेपर्यंत पट्टे कुणाकुणाच्या हातांतून जातात? मला माहीत आहे तेवढं सांगते. खोकं स्टोअरमध्ये येतं. तिथून कंत्राटदाराचा माणूस महिन्यातून एकदा गेटवर नवे वाटतो आणि जुने परत घेतो. तो माणूस मला बरा वाटत नाही. बायकांवर खेकसतो, "जल्दी बांधो, मेहंदी नहीं लगानी है." त्याने पट्टे उन्हात ठेवले असतील. किंवा बायकांनीच सवयीने फिनेलच्या पाण्यात बुचकळले असतील. स्टोअरमध्येही बरेच लोक येतात-जातात.

म्हणून मी प्रेमलाला विचारलं, पट्टे धुता का गं तुम्ही?

"नाय. पानी नाय लावायचं सांगलंय. सायेब निल्या दिव्याच्या पेटीत शेकतात, मंग आमाला देतात."

करोनात सगळ्या कंपन्यांनी घेतल्या होत्या बघ त्या पेट्या. मास्क, मोबाइल, डबे, सगळं निर्जंतुक करायला. त्या दिव्याखाली जिवाणूंचं काय होतं, हे तुला मी सांगायला नको.

साहेब म्हणजे कोण, हे मी तिला विचारलं नाही.

तू लिहितेस, भावोजींना विचार, स्टोअर आणि सेफ्टी दोन्ही तेच बघतात ना. विचारीन. उद्या वसुबारस, घरात पसारा पडला आहे, चकल्यांची भाजणी दळून आणायची आहे. यांनाही दिवाळीआधी कामाचा ताण असतो, घरी येतात ते गप्पच असतात. योग्य वेळ पाहून विचारीन.

पट्ट्यांचं खोकं मी इथेच ठेवून जाते आहे, आईच्या कपाटात. बोईसरला नेत नाही. का नेत नाही, ते मला नीट सांगता येणार नाही. कालच्या तारखेला डायरीत मी फक्त "हवा दमट, डोकं दुखलं" एवढंच लिहिलं आहे.

तुझी,
आनंदीताई


बोईसर
रविवार, २६ ऑक्टोबर

प्रिय समिधा,

भाऊबीजेला तू आली नाहीस. आई वाट पाहत होती. मला मात्र मनातून हायसं वाटलं, कारण तू समोर बसली असतीस तर माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असतंस.

मी यांना, जितेशला, विचारलं. धनत्रयोदशीला, दिवे लावून झाल्यावर. त्याने एकही क्षण न दवडता उत्तर दिलं. एका बाईच्या मनगटाला पुरळ उठलं होतं, मॅनेजर म्हणाला जिवाणू म्हणजे रोग, उद्या कुणी आजारी पडलं तर आपल्या गळ्यात येईल, पट्टे निर्जंतुक करून वाटा. म्हणून पेटीत घालतो. "मला काय माहीत, त्यातले जिवाणू जगायला हवेत ते? मी बी.कॉम. माणूस," तो म्हणाला आणि ताटातली शंकरपाळी माझ्याकडे सरकवली.

समिधा, माझा विश्वास बसला. जिवंत वस्तू स्वच्छतेपायी मारून टाकायची आणि मग तीच वापरायला द्यायची, ही चूक आपल्याकडे कुणीही करेल. आई पोळपाटसुद्धा डेटॉलने पुसते. मला इतकं हलकं वाटलं की मी करंज्या तळताना गाणं म्हणत होते. तुला पत्रही लिहून ठेवलं, की कुणाचंच काही वाईट मनात नव्हतं, आता पेटी बंद करायला सांगितलं की झालं. ते पाकीट सोमवारी टाकायचं होतं.

सोमवारी नरकचतुर्दशी. लग्न झाल्यापासून दर वर्षी मी त्याला तेल-उटणं लावते. यंदा तो म्हणाला, मी माझं लावून घेतो, तू कशाला लवकर उठतेस. मी म्हटलं, असं कसं, आणि उठले. पाटाभोवती रांगोळी काढली, तेल कोमट केलं. तो बनियन काढेना. मी हसून म्हटलं, लाजता काय आता? मग काढलं.

त्याच्या उजव्या दंडावर जांभळं पान होतं.

पट्टा नव्हता. पट्टा त्याने काढून ठेवला होता. कातडीवर उतरलेला रंग होता तो. मनगटावर दिसू नये म्हणून दंडाला, आणि तिथेही रंगाची बाजू आत करून बांधत असणार. घामाने शिरान् शीर उमटली होती, मधली जाड, कडेच्या बारीक. आपल्या वाडीतल्या नागवेलीची. मी तेल चोळलं, उटणं चोळलं, तरी गेला नाही. मी चोळत राहिले आणि तो समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला.

मेलेला पट्टा रंग देत नाही. म्हणजे त्याचा पट्टा पेटीत गेलेला नव्हता. खोक्यातून आपल्यासाठी एक जिवंत काढून घ्यायचा आणि मग बाकीचे दिव्याखाली ठेवायचे. बी.कॉम. माणसाला सगळं माहीत होतं.

मी विचारलं, "तुमचा का नाही शेकलात?"

त्याने टॉवेल दंडावर ओढून घेतला. मग म्हणाला, "कुठे उभं राहायचं नाही, ते मला कळायला नको का?"

त्यानंतर तो बोलत राहिला. सुरुवातीला पट्टे जांभळे झाले होते, बायकांना वाटण्याआधी त्याने स्वतः सेक्शनमधून फिरून पाहिले होते. मॅनेजरला दाखवले. मॅनेजरने पुरळाचं कारण काढलं आणि पेटीकडे बोट दाखवलं. दोघांनाही कळत होतं, दोघंही बोलले नाहीत. सेक्शन बंद पडला तर आपण पहिले घरी बसू, असं तो म्हणाला. त्याचं भय खोटं नाही. बोईसरला एकदा नोकरी गेलेला पन्नाशीजवळचा माणूस कुठे लागतो, हे मी बिल्डिंगमध्ये रोज पाहते. ड्रायरच्या मागे एक कट्टा आहे, तिथे वायू सगळ्यात जास्त येतो, तिकडे तो आता जातच नाही, हेही त्यानेच सांगितलं. जणू मला त्याची काळजी वाटत असेल, म्हणून धीर देत होता.

मला त्याची काळजी वाटली, समिधा. हे लिहायलाच हवं. दंडावरचं पान पाहिल्यावर पहिला विचार माझ्या मनात आला तो प्रेमलाचा नव्हता. हा इतके दिवस आतून किती घाबरलेला असेल, हा होता. दुसरा विचार प्रेमलाचा.

पाडव्याला मी त्याला ओवाळलं. का ओवाळलं, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी केळव्याहून खोकं आणलं आणि तशीच रिक्षाने पाड्यावर गेले. प्रेमला अंगणात नाचणी वाळवत होती. मी तिला सगळं सांगितलं, नावासकट. ती माझ्याकडे पाहत होती, मध्येच उठून कोंबडी हाकलून आली. कट्ट्याचं सांगितलं तेव्हा तिने हात थांबवला.

"त्या कट्ट्यावर तं आमी डबा खातो, वैनी. रोज. गार लागतं म्हून." मग जराशाने म्हणाली, "सायेब लांबून जायाचे. आमी म्हनायचो, मोटा मानूस, आमच्यात कशाला बसेल."

ती रडली नाही. निघताना नेहमीसारखी कोपऱ्यापर्यंत मात्र आली नाही.

उद्या कारखाना सुट्टीनंतर सुरू होतो. प्रेमला आणि तिच्या सेक्शनच्या बायका सकाळी माझ्याकडे येऊन सीलबंद पट्टे बांधून जाणार आहेत, गेटवर मिळालेला पट्टा बांधायचा नाही असं ठरलं आहे. जांभळा झाला की कुणालाही न विचारता बाहेर यायचं. त्या खेकसणाऱ्या माणसाला काय सांगायचं, ते प्रेमलाने ठरवलं आहे. म्हणाली, त्याला सांगन, मेंदी रंगली. मी गेटबाहेर थांबणार आहे.

या पत्रासोबत दोन वस्तू पाठवते आहे, वेगवेगळ्या पाकिटांत. एक प्रेमलाचा पट्टा, हळद लावलेला, मेलेला. दुसरा जितेशचा. तो मी त्याच्या देखत उशाखालून काढून घेतला. दोन्ही एकाच खोक्यातले आहेत हे तुमच्या छापील क्रमांकावरून सिद्ध होईल, असं तूच एकदा म्हणाली होतीस. तुमच्या कंपनीच्या नावाने कारखाना निरीक्षकांकडे तक्रार कर. हर्षित बिचकेल, ऑर्डर जाईल म्हणेल. त्याला म्हणावं, पट्टा पांढराच ठेवून धंदा चालवायचा असेल तर सुती दोरेच विका.

आणि फोनचं. आमच्या दोन खोल्यांत मी फोनवर बोललेलं जितेशला ऐकू जातं, म्हणून मी पहिलं पत्र लिहिलं आणि उत्तर आईच्या पत्त्यावर मागवलं. म्हणजे तेव्हाच मला ठाऊक होतं का? निदान भीती तरी होती. हर्षितचं नाव लिहिताना माझा हात अजिबात अडखळला नाही. ज्याच्यावर खरा संशय होता, त्याच्या शर्टाच्या बाह्यांची मी तुझ्याजवळ थट्टा करत होते. आता तो पलीकडच्या खोलीत जागा आहे, मी काय लिहिते आहे हे त्याला माहीत आहे. मगाशी दारात येऊन म्हणाला, "माझं नाव येईल त्यात."

मी म्हटलं, "हो."

तो गॅस बंद आहे ना, ते पाहून आत गेला.

आज फोन करता आला असता, पण बोललेलं मी उद्या फिरवीन, इतकी मी स्वतःला ओळखते. लिहिलेलं फिरवता येत नाही. हे पत्र निरीक्षकांना दाखवावं लागलं तर दाखव. त्यात "आनंदीताई" चालणार नाही, म्हणून खाली पूर्ण सही करते. माझ्या सहीत त्याचं नाव मधोमध येतं. ते गाळून सही कशी करायची, ते मला अजून येत नाही, आणि इथे गाळायचंही नाही.

आनंदी जितेश सावे